न्यायासनाशेजारच्या दोन खुर्च्या

प्रति,
माननीय केंद्रीय विधी आणि न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि तिची भावंडं लागू झाली आणि आमच्यासारख्या जुन्या वकिलांची पंचाईत झाली. खुनाला ३०२ म्हणण्यात जन्म गेला. १०३ म्हणायला अजून जीभ वळत नाही. तेवढं होईल अंगवळणी. माझं म्हणणं वेगळंच आहे. सातारच्या जिल्हा न्यायालयात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मी ही ५३१ कलमांची संहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वसाहतकाळाचा वारसा काढून टाकायचा म्हणून ती आणली, असं आपल्या सरकारने सांगितलं होतं. झडती-जप्तीचं चित्रीकरण त्यात आलं, मोबाईलवरचं समन्स आलं, मुदती आल्या. पण सत्र खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवताना न्यायाधीशाशिवाय आणखी कुणाला विचारावं का, हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत माझ्या तरी कानावर आला नाही.

आपल्या फौजदारी कोर्टात सामान्य माणूस फिर्यादी म्हणून येतो, आरोपी म्हणून येतो, साक्षीदार, पंच, जामीनदार म्हणून येतो. व्हरांड्यातल्या बाकावर दिवस काढायलाही तोच येतो. निवाड्याला मात्र तो नसतो. १ एप्रिल १९७४ ला आधीची संहिता अमलात आली, तोवर देशातल्या काही कोर्टांत का होईना, तो ज्युरर म्हणून बसत होता.

ज्युरीचं नाव काढलं की समोरचा माणूस, मग तो वकील असो की चहावाला, एकच वाक्य बोलतो: नानावटी खटल्यात ज्युरीने घोळ घातला म्हणून ती बंद झाली. हे वाक्य कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतं. २०१६ साली ‘रुस्तम’ आला आणि ज्यांना पाठ नव्हतं त्यांचंही झालं. आपल्या खात्यातल्या फायलींतही ते असेल अशी मला दाट शंका आहे. म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

२७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी खोटं कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतात, मलबार हिलवरच्या फ्लॅटमध्ये प्रेम आहुजांना गाठतात, तीन गोळ्या सुटतात, आहुजा मरतात. नानावटी स्वतःच पोलिसांकडे जाऊन हजर होतात. बचाव असा की झटापट झाली आणि गोळ्या त्यात उडाल्या. सरकार पक्षाने विचारलं, एवढी झटापट झाली तर नुकत्याच न्हाणीघरातून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही? या टॉवेलवर तेव्हाच्या मुंबईत जेवढी चर्चा झाली तेवढी अर्थसंकल्पावर झाली नसेल. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली होती. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश मेहता यांना ते पटलं नाही. जुन्या संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण निकालपत्र पुढे वाचायला हवं. ज्युरीपुढे समारोप करताना, म्हणजे पुराव्याचा गोषवारा आणि कायदा समजावून सांगताना, न्यायाधीशांकडूनच गंभीर चुका झाल्या असं उच्च न्यायालयाने नोंदवलं. ‘अपघाताने घडलं’ असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते, ही साधी बाब ज्युरीला नीट सांगितली गेली नव्हती. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या चुका मान्य केल्या. अर्थात ज्युरी त्यातून सुटत नाही; तो पुरावा पाहता समंजस माणसं त्या निष्कर्षाला पोचली नसती, हेही त्याच निकालात आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की आठ जण चुकीच्या रस्त्याने गेले तेव्हा रस्ता दाखवणारा कायद्याचा पदवीधर होता.

लोकभावनेला बळी पडले म्हणून त्या आठ जणांना आजतागायत नावं ठेवली जातात. मग उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित करून नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला, तो कुठल्या भावनेतून? त्या आदेशाची वैधता तपासायला घटनापीठ बसवावं लागलं. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, तेव्हा तर ज्युरी आसपासही नव्हती. पण लोकांच्या डोक्यात खलनायक म्हणून उरले ते ज्युररच, कारण त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

आणि तारखा पाहा. ज्युरी रद्द करावी ही शिफारस विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालात आहे. सेटलवाड आयोगाने तो सप्टेंबर १९५८ मध्ये सादर केला. मलबार हिलवर गोळ्या सुटल्या त्याच्या सात महिने आधी! फाशीचा निर्णय झालेला होता. नानावटी खटल्याने फक्त गर्दी जमवली.

मंत्रिमहोदय, आयोगाला ज्युरी वाईट का वाटली, याचा विचार करताना ती मुळात कुणी, कशासाठी, कशी घडवली होती ते पाहावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती दालनाबाहेर एक संगमरवरी फलक आहे. आपण मुंबईत आलात तर जरूर पाहा. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तो बसवला. १९०८ साली शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे बोलले ते त्यावर कोरलं आहे. आपण सगळे त्यातली पुढची, वरच्या शक्तींबद्दलची वाक्यं आठवतो. सुरुवातीचं वाक्य ज्युरीबद्दल आहे: ज्युरीने काहीही ठरवलं असलं तरी मी निर्दोष आहे, अशा अर्थाचं.

ती ज्युरी कोण होती? सात युरोपियन आणि दोन पारशी. एकही मराठी माणूस नाही. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर, आणि दोषी म्हणणारे सातही जण ते लेख इंग्रजी भाषांतरातून वाचणारे. साधी ज्युरी नको, ‘स्पेशल ज्युरी’ हवी, हा सरकारचा आग्रह होता. टिळकांचे वकील बॅप्टिस्टा यांनी त्याला विरोध केला, कारण स्पेशल ज्युरी म्हणजे बहुतेक गोरेच येणार हे उघड होतं. न्यायमूर्ती दावर यांनी विरोध फेटाळला. (हेच दावर ११ वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. बारमध्ये असं होतंच. तरी आठवल्यावाचून राहवत नाही.) टिळकांनी स्वतः २१ तास १० मिनिटं भाषण केलं आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची राखण ज्युरीने करायची असते, हा इंग्लंडचाच धडा त्या सात युरोपियनांना ऐकवला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले.

टिळकांवरचा त्याआधीचा १८९७ चा खटला आणखी बोलका आहे. सहा युरोपियन, तीन भारतीय. सहा जण म्हणाले दोषी, तिघे म्हणाले निर्दोष. उच्च न्यायालयात नऊपैकी सहा जणांचं एकमत झालं आणि न्यायाधीशाला ते मान्य असलं की पुरे, असा तेव्हाचा कायदा. हवे होते सहा, मिळाले बरोबर सहा.

ज्युरी म्हणजे आरोपीच्या बरोबरीची माणसं, अशी इंग्लंडमधली कल्पना. १६७० साली विल्यम पेन यांच्या खटल्यात लंडनच्या ज्युररांनी न्यायाधीशाला हवा तो निकाल द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवलं, दंड केला. तरी ते हलले नाहीत, आणि निकालासाठी ज्युररला शिक्षा करता येत नाही हे तिथून पक्कं झालं. ही कल्पना जहाजातून भारतात आली तेव्हा वाटेत तिचा कणा काढून ठेवला गेला. भारतीय न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावरून गोऱ्यांनी आकांडतांडव केल्यावर १८८४ च्या तडजोडीत गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे ज्युरर मागायचा हक्क मिळाला. मुंबई-कलकत्त्याबाहेर बहुतेक जिल्ह्यांत ज्युरी नव्हतीच, होते असेसर. त्यांनी मत द्यायचं आणि न्यायाधीशाने हवं तर ते बाजूला ठेवायचं. जिथे ज्युरी होती तिथेही १८७२ पासून सत्र न्यायाधीशाला निकाल न पटल्यास प्रकरण वर धाडायची मुभा होती. १८९८ च्या संहितेने ज्युररचं काम फक्त पुरुषांवर सोपवलं. म्हणजे निवड साहेबाच्या सोयीची, बायका बाद, आणि निकाल अंतिम नाही. अशा संस्थेत जबाबदारीची सवय कुणाला लागणार होती?

काँग्रेसच्या १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात एक ठराव झाला होता: ज्युरीची पद्धत देशात आणखी पसरवा आणि १८७२ साली काढून घेतलेलं निकालाचं अंतिमत्व परत द्या. मवाळ माणसांची ही मागणी, रीतसर, अर्जाच्या भाषेत. राज्य आपलं झाल्यावर मात्र तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. १९५५ मध्ये असेसर गेले, १९७३ च्या संहितेने ज्युरी गेली. लायक माणसं मिळत नाहीत, मिळाली तर दबावाखाली येतात, हे कारण. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, त्यामुळे ते कारण तेव्हा अगदीच पोकळ नव्हतं. तरी त्याच १८ टक्केवाल्या देशाने १९५२ मध्ये लोकसभा निवडून दिली होती. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली आहे.

इथे काही मंडळी म्हणतील की आमच्याकडे पंचपरमेश्वर होताच, इंग्रजांची ज्युरी कशाला? शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. दोन्ही पक्ष निवाडा मानण्याचे राजीनामे लिहून देत, मग पाटील, देशमुख, देशपांडे, बलुतेदार यांच्या साक्षीने महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचं बऱ्यापैकी कौतुक केलं आहे. हे सगळं खरं. पण गोतसभेत बाईचा आवाज किती होता आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे न्याय काय मिळत असेल, हे मी सांगायला नको. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. तेव्हा त्या वाटेने मला जायचंच नाही.

ज्युरीवरचा खरा आक्षेपही हाच आहे, की समाजातली विषमता निवाड्यात उतरेल, आणि तो मला रात्री झोपू देत नाही. मिसिसिपीत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात दोघा गोऱ्या आरोपींना सोडून दिलं. पुढे त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता. आता खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावाने केलेली हत्या. त्या खटल्याला त्याच तालुक्यातले बारा जण ज्युरर म्हणून बसवले असते तर काय झालं असतं? उत्तर द्यायचं माझं धाडस नाही.

पण दुसरंही सांगितलं पाहिजे. खैरलांजीचा निवाडा प्रशिक्षित न्यायाधीशांनी केला. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीचं रूपांतर २५ वर्षांच्या कैदेत केलं. जातीच्या द्वेषातून हे घडलं असं मात्र दोन्ही न्यायालयांनी मानलं नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखाली कुणालाही शिक्षा झाली नाही. जात म्हणजे काय हे पोटातून कळणारा एखादा माणूस त्या न्यायासनाशेजारी बसलेला असता तर तो हरला असता कदाचित, पण त्याने प्रश्न तरी विचारला असता.

म्हणून माझं मागणं ज्युरी परत आणा असं नाही. बारा जणांनी बंद खोलीत जाऊन, कारण न सांगता, एका शब्दात निकाल द्यायचा, ही पद्धत आपल्या समाजाला झेपणार नाही, आणि कारणं न लिहिलेला निकाल मला वकील म्हणूनही नको. खुद्द इंग्लंडच्या सरकारने खटले तुंबले म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये ज्युरीची व्याप्ती कमी करण्याचा बेत जाहीर केला आहे. माझं मागणं लहान आहे: सत्र न्यायाधीशांच्या शेजारी दोन खुर्च्या. त्यांवर दोन नागरिक. खटला संपेपर्यंत तिघांनी एकत्र ऐकायचं, एकत्र चर्चा करायची, प्रत्येकाचं मत एक, आणि निकालपत्र सकारण, न्यायाधीशांनी लिहिलेलं. ज्याला पटलं नाही त्याने आपलं वेगळं मत जोडावं. अपील नेहमीसारखं.

यात जगावेगळं काही नाही. जर्मनीने १९२४ मध्ये जुनी ज्युरी मोडली, पण नागरिकांना घरी पाठवलं नाही. त्यांच्या कनिष्ठ फौजदारी कोर्टात एका न्यायाधीशासोबत दोन सामान्य माणसं आजही बसतात, पाच वर्षांच्या मुदतीने. जपानची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. त्यांनी १९२८ मध्ये ज्युरी आणली, आरोपींनीच ती नाकारायला सुरुवात केली, आणि १९४३ मध्ये ती गुंडाळली. साठ-पासष्ट वर्षं जपानी विद्वान सांगत राहिले की आमच्या लोकांच्या स्वभावात हे बसत नाही. २००९ पासून तिथे गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि चिठ्ठीने निवडलेले सहा नागरिक एकत्र बसतात. दोषी ठरवायचं तर बहुमतात एक तरी न्यायाधीश असावा लागतो. स्वभाव बदलला की कायदा नीट लिहिला गेला, ते तज्ज्ञांनी ठरवावं.

परदेश कशाला, आपल्याच कायद्यात हे आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालच्या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाने खून केला की नाही हे ठरवायला ही दोन माणसं चालतात. तो मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर असं काय बदलतं? आणि देशातली शेवटची ज्युरी पाहायची असेल तर तीही मुंबईच्या उच्च न्यायालयातच भरते. पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या १९३६ च्या कायद्याखाली पाच पारशी प्रतिनिधी न्यायमूर्तींसोबत बसतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय त्यांच्या बहुमताने होतो. वर्षातून थोडेच दिवस हे कोर्ट बसतं, घटस्फोट मागणारे ताटकळतात, आणि २०१७ मध्ये एका पारशी महिलेने या पद्धतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिची तक्रार मला रास्त वाटते. आपलं खासगी दुःख आपल्याच छोट्या समाजातल्या ओळखीच्या चेहऱ्यांपुढे कोण उघडं करील? त्यातून घ्यायचा बोध असा की यादी सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांची नसावी. मतदार यादीतून, चिठ्ठीने, आणि तालुक्याबाहेरची माणसं असावीत. दोघांतली एक स्त्री. पक्षांना हरकत घ्यायचा हक्क. पोलीस, वकील, निवडणूक लढवलेले, सगळे बाद.

आता तारखेचं बोलतो. कारण आपल्या खात्याचा पहिला शेरा हाच असणार: आधीच पाच कोटींच्या वर खटले पडून आहेत, त्यात ही नसती भर. मंत्रिमहोदय, मी उलट म्हणतो. आमच्याकडे खटला चालत नाही, तारीख चालते. सरकारी वकिलांची बदली झाली, तारीख. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला नाही, तारीख. मुद्देमाल नाझरांकडे आहे की पोलीस ठाण्यात हे कळेना, तारीख. बचावाच्या वकिलांना उच्च न्यायालयात काम निघालं, तारीख. यात मीही अनेकदा हात धुऊन घेतले आहेत आणि आम्ही सगळेच घेतो. साक्षी सुरू झाल्या की रोज सुनावणी घ्यावी, हे नव्या संहितेच्या कलम ३४६ मध्ये आहे, जुन्यातही होतं. ते पाळलं जात नाही, कारण न पाळल्याने गैरसोय होते ती गरिबाची, आणि गरीब व्हरांड्यात बसलेला असतो, न्यायासनाशेजारी नाही. उद्या शेजारच्या खुर्चीत कोरेगावचा किराणा दुकानदार आणि वाईची प्राथमिक शिक्षिका बसलेली असेल, दुकान बंद ठेवून, रजा टाकून, तर ‘तयारी नाही, मुदत द्या’ हा अर्ज न्यायाधीशांपुढे ठेवायला माझाही हात कचरेल. सहा वर्षं कोणाला अडकवून ठेवता येत नाही. खटला दहा दिवसांत बसवावाच लागेल, आणि दहा दिवसांत बसवायचा तर कागदपत्रं, अहवाल, साक्षीदार आधी गोळा करावे लागतील. जपानने नागरिकांना बसवण्याआधी पूर्वतयारीची सुनावणी कायद्यात घातली ती यासाठीच.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. साक्षी एका न्यायाधीशापुढे होतात, मध्येच त्यांची बदली होते, दुसरे येतात आणि कागदावर उतरवलेल्या साक्षी वाचून निकाल देतात. कायद्याने हे चालतं. नव्या संहितेच्या कलम ३६५ मध्ये तशी सोय आहे. उलटतपासणीत साक्षीदार कुठे अडखळला, कुणाकडे पाहून गप्प झाला, पोलीस पाटलाने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, यातलं काहीच निकाल देणाऱ्याने पाहिलेलं नसतं. जन्मठेप मात्र तोच देतो. दोन नागरिक बसवले की हे बंद करावं लागेल. त्यांच्या जागी बदलीवर दुसरा किराणा दुकानदार आणता येत नाही.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याला तिथलं नागरिकत्व मिळाल्यावर ज्युरीचं समन्स आलं. वैतागला होता, कशी सुटका करून घ्यावी म्हणून मित्रांना विचारत होता. शेवटी बसून आला आणि मला फोन केला. “काका, तुमच्याकडे साक्षीदार खोटं बोलतोय हे कोण ठरवतं?” म्हटलं, न्यायाधीश. “एकटेच?” म्हटलं, हो. थोडा वेळ थांबून म्हणाला, “मग ते घरी गेल्यावर कोणाशी बोलतात?” मी अनेक न्यायाधीश जवळून पाहिले आहेत. उत्तम माणसं, बहुतेक. कोणाशी बोलत नाहीत, हे खरं उत्तर होतं. बाजारात भाजी घेताना ओळख निघू नये म्हणून मान खाली घालून चालणारी माणसं. गाव त्यांना कळतं ते कागदातून आणि शिपायाच्या बोलण्यातून. चुलत्या-पुतण्याच्या बांधाच्या भांडणात पहिली शिवी कोणी दिली हे पुरावा सांगतो; ती शिवी त्या गावात किती गंभीर मानतात, हे पुराव्यात नसतं.

दबावाचं काय, असं आपण विचाराल. फितुरी, पैसा, व्हॉट्सॲप, वाहिन्यांवरचे रोजचे खटले. धोका आहेच. पंच म्हणून सही करणारे आपल्याकडे कसे असतात ते मी पाहिलं आहे. काही ठाण्यांत ठरलेली तीच ती माणसं, कोर्टात आल्यावर ‘माझ्यासमोर काही झालं नाही’ म्हणणारी. पण पंचाला आपण देतो काय? दिवसभराची खोटी, चहाचे पैसेही स्वतःचे, आणि आरोपीच्या नातेवाइकांचा राग. नागरिकाला न्यायासनाशेजारी बसवायचं तर त्याला जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाची खोली नको, पण रोजचा सन्मानजनक भत्ता, नोकरीतून भरपगारी रजा आणि नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची हमी हवी. सुरुवात बलात्काराच्या किंवा जातीय अत्याचाराच्या खटल्यांनी करू नये. तिथे पीडितेची गोपनीयता आणि गावाचा ताण दोन्ही मोठे. दरोडा, फसवणूक, मालमत्तेसाठी केलेला खून, सरकारी कामातला अपहार, इथून सुरू करावं. लाच घेताना पकडलेल्या तलाठ्याचा खटला दोन शेतकऱ्यांपुढे चालला तर माझी काही हरकत नाही, फक्त त्यांची सात-बाराची कामं त्या तलाठ्याकडे अडलेली नसावीत.

तीन-चार जिल्हे घ्या, पाच वर्षं चालवा. न्यायाधीश आणि दोन नागरिक यांची मतं कुठे जुळली, कुठे फुटली, अपिलात किती निकाल टिकले, खटल्याला किती दिवस लागले, हे प्रसिद्ध करा. पद्धत फसली तर बंद करा. या वेळी बंद करण्याचं कारण तरी आपलं, आपण मोजलेलं असेल.

आपल्या खात्याचं उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे. फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीत आहे, तेव्हा राज्य सरकारकडे संपर्क साधावा, असं एका ओळीचं पत्र. ते घटनेला धरूनच असेल. राज्य विधिमंडळ संहितेत दुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवू शकतं, आणि संमतीची फाईल आपल्याच सरकारमार्फत जाते. म्हणून या पत्राची एक प्रत मुंबईला मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे पाठवतो आहे, आणि एक सातारच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे, कारण दोन जादा खुर्च्या मावतील एवढी जागा कुठल्या दालनात आहे हे शेवटी त्यांनाच सांगावं लागेल. माझ्या मते तळमजल्यावरच्या दोन दालनांत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
सातारा येथील एक वकील